जिथे दुखणे नव्हते

एकदा एका वृद्ध वैद्यांना एका गावाने रोगी तपासायला बोलावले, आणि वेशीपाशी गाडीतून उतरताच त्या वैद्यांनी रोग्यांकडे जायला नकार दिला. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल. त्या गावाला तर ते क्रूर वाटले, कारण तोवर तिथे दोन मुले दगावली होती.

गाव एका ओढ्याच्या दोन काठांवर वसलेले होते. अलीकडे पाटील, शेतकरी, तेली, सोनार यांची घरे. पलीकडे मजुरांची वस्ती. दिवाळी होऊन महिना उलटला आणि अलीकडच्या गावात एक दुखणे शिरले. पोटात अशी कळ उठे की धडधाकट माणूस गुडघे छातीशी घेऊन पडून राही. अन्नावरची वासना जाई, कोठा बांधला जाई, चेहरा पांढुरका पडे. मोठी माणसे कण्हत का होईना, दिवस काढत होती. मुलांना ते झेपेना. तेल्याचा मुलगा गेला, मग सोनाराच्या भावाची मुलगी गेली. गावचे पाटील हैबतराव यांची सहा वर्षांची नात मैना हिला झटके येऊ लागले, तेव्हा पाटलांनी आठ कोसांवरच्या वैद्यांकडे गाडी पाठवली.

वैद्यांचा गुडघा धरलेला होता. त्यांनी आपला शिष्य विश्राम याला पुढे धाडले आणि पाच दिवसांत मागून येतो म्हणून सांगितले.

विश्राम अकरा वर्षे गुरूंजवळ शिकला होता. बुद्धीने तल्लख आणि कामाला वाघ. चार दिवसांत त्याने एकतीस आजारी घरे पाहिली. प्रत्येक घरात तो तेच प्रश्न विचारी: दुखणे केव्हा सुरू झाले, पाणी कुठले पिता, बाहेरून काय आणले, घरी कोण येऊन गेले? त्याने एरंडेल दिले, शेक दिले. तात्पुरता आराम पडे आणि दोन दिवसांनी कळ पुन्हा उठे. रोज एखादे नवे माणूस अंथरूण धरी. लोक त्याच्या तोंडाकडे पाहत. त्या पाहण्याचे ओझे असे असते की माणसाला उत्तर शोधण्यापेक्षा उत्तर देण्याची घाई होते.

चौथ्या दिवशी चावडीवर सगळे जमले असता पाटलांनी विचारले, "काय कळलं का, विश्रामबुवा?"

विश्राम म्हणाला, "दुखण्याचे नाव अजून सांगता येत नाही. पण एक गोष्ट खरी. एकतीस घरांपैकी एकही घर असे नाही, जिथे गेल्या काही महिन्यांत तान्हूबाई गेलेली नाही."

तान्हूबाई ही पलीकडच्या वस्तीतली सुईण. दोन्ही काठांवरची बाळंतपणे तिच्या हातची. बाळ-बाळंतिणीला तेल लावणे, शेकणे, कुणाची नस चढली तर उतरवणे, यासाठी तिचे घरोघर जाणे-येणे असे.

विश्रामला फक्त आढळलेली गोष्ट सांगायची होती. पण वाक्य चावडीवर पडले आणि पेटले. "तरीच! पलीकडं एकही आजारी नाही," कुणी म्हणाले. "करणी हाय ही," दुसरा म्हणाला. तेल्याच्या घरात पंधरा दिवसांपूर्वीच मूल गेले होते. तो नुसता उठला आणि ओढ्याकडे चालू लागला. त्याच्यामागे वीस-पंचवीस जण गेले. त्यांनी तान्हूबाईच्या खोपटाचे कुंपण उपटले, गोवऱ्यांची रास ओढ्यात लोटली. पाटलांनी कसेबसे त्यांना आवरले, पण गावकीने ठरवले ते ठरवलेच: उद्या सूर्य मावळायच्या आत तिने कुटुंबासह शीव ओलांडावी. न ओलांडली तर जे होईल त्याला गाव जबाबदार नाही.

"मी करणी म्हटले नव्हते," विश्राम दोन-तीनदा म्हणाला. कुणाला ऐकू गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरू आले. वेशीपाशीच हैबतराव सामोरे गेले. रात्रभर जागलेल्या त्या मोठ्या माणसाचा आवाज घोगरा झाला होता. "वैद्यबुवा, आधी घरी चला. पोर काल तीनदा आकडली."

वैद्यांनी विश्रामकडे पाहिले. "आजारी घरे किती?"

"एकतीस, गुरुजी."

"आणि बरी किती?"

विश्राम म्हणाला, "ते मोजले नाही."

"मग तू अर्धेच गाव पाहिलेस," वैद्य म्हणाले. "पाटील, विश्रामने दिलेले औषध चालू ठेवा. मी आत्ता आलो तरी दुसरे काय देणार? कशावर द्यायचे तेच मला ठाऊक नाही. मला आधी बऱ्या माणसांकडे न्या."

पाटील पुढे सरसावले. "पोर मरतीय माझी! आन् तुम्ही धडधाकट लोकांची नाडी बघणार?"

"रागवा. पण न्या," वैद्य म्हणाले. "आजारी माणूस दुखणे सांगतो. दुखणे कशाने झाले, ते कधी कधी न आजारलेलाच सांगू शकतो."

पाटील पाठ फिरवून घराकडे गेले. वाट दाखवायला विश्राम तेवढा उरला. गुरूंवर त्याचा विश्वास होता, परंतु सूर्य वर चढत होता आणि त्या सूर्याला आज एक मुदत बांधलेली होती.

अलीकडच्या गावात धडधाकट घर शोधणे सोपे नव्हते. जी दोन-चार घरे बरी म्हणून कळली, तिथेही एखादे माणूस पोट धरून बसलेले निघाले. अखेर एकच घर असे सापडले, जिथे सातही माणसे बरी होती. ते भिवा कुंभाराचे. विश्रामने हाक मारली तेव्हा भिवाने दार निम्मेच उघडले.

"आमच्यात सगळे बरे आहेत हे कुणाला सांगू नका, बुवा," तो हात जोडून कुजबुजला. "पाया पडतो. काल त्या बाईवर बालंट आलं. उद्या म्हणतील, ह्याला कसं काही झालं नाही?"

निरोगी असण्याची भीती वाटावी, इतके ते गाव घाबरले होते.

वैद्य ओट्यावर टेकले. त्यांनी विचारले, "पाणी कुठले पिता?"

"गावच्याच विहिरीचं. दुसरं कुठलं असणार?"

"धान्य?"

"पाटलांच्याकडचं, बलुत्याचं."

"तान्हूबाई इथे येते?"

भिवा घुटमळला. आतून त्याची बायको म्हणाली, "येते की! नातू झालाय आमास्नी. चाळीस दिवस रोज येत होती. तिच्या हातानं अंगाला तेल लावलेलं पोर हे, बघा ना!" आणि तिने एक गुबगुबीत मूल बाहेर आणून वैद्यांच्या मांडीवर ठेवले.

विश्राम त्या मुलाकडे पाहत राहिला. चार दिवस तो या घरावरून सकाळ-संध्याकाळ जात होता. आजारी नाही म्हणून तो एकदाही आत आला नव्हता.

"गुरुजी," तो बाहेर पडताना म्हणाला, "मी आत्ताच जाऊन पाटलांना सांगतो."

"काय सांगशील? तिने केले नाही, एवढेच. मग कुणी केले, असे ते विचारतील. त्याला काय उत्तर देशील?" वैद्य म्हणाले. "घाबरलेल्या माणसाच्या हातातले एक उत्तर काढून घ्यायचे तर दुसरे द्यावे लागते. ते आपल्याकडे अजून नाही. ओढा ओलांडू."

वस्तीत बायका दारात उभ्या होत्या. पोरे ओढ्यालगतच्या चिंचेखाली खेळत होती, एकाचाही चेहरा पांढरा नव्हता. तान्हूबाईच्या खोपटासमोर बोचकी बांधून ठेवली होती. ती साठीची, काटक बाई होती. विश्रामला पाहून तिने पदर सावरला आणि दुसरीकडे तोंड केले.

वैद्य म्हणाले, "बाई, मी वैद्य आहे. वस्तीत कुणी आजारी आहे का?"

"कुणी न्हाई," ती म्हणाली. मग, जणू आता लपवण्यासारखे काही उरलेच नाही अशा सुरात तिने सांगितले, "माझी सून तेवढी हाय. आनशी. धा-बारा दिस झाले, पोटात कळ येते."

विश्राम चमकला. "हे तुम्ही काल का नाही सांगितलेत?"

"कुणी इचारलं?" ती म्हणाली.

आनशी खोपटात एका कुशीवर पडली होती. वैद्यांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग तिला उजेडाकडे तोंड करायला सांगून ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी बारीक निळसर-काळी रेघ होती. वैद्य बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले.

"पोरी, तू कामाला कुठे जातेस?"

"पाटलांकडं. दळण-कांडण करते."

"जेवण?"

"दुपारचं तिथंच. वस्तीतली मी एकटीच गावात जेवते. भाकरी असते, आन् राहिलेली आमटी. चिंच घालून करतात, आंबट." ती कसनुशी हसली. "मला आवडते म्हणून वाटीभर जास्तच देतात पाटलीणबाई."

बाहेर येऊन वैद्य ओढ्याच्या काठी एका दगडावर बसले. ऊन डोक्यावर आले होते. पलीकडे, गावाच्या बाजूला, काही माणसे हातात काठ्या घेऊन आतापासूनच येऊन बसली होती.

"विश्राम," वैद्य शांतपणे म्हणाले, "आता तुझ्याजवळ दोन माणसे आहेत. सगळे गाव आजारी असताना बरा राहिलेला कुंभार, आणि सगळी वस्ती बरी असताना आजारी पडलेली ही मुलगी. एकतीस घरांनी सांगितले नाही ते ही दोघे सांगतील. कुंभाराचे गावापेक्षा काय वेगळे आहे? आणि या मुलीचे वस्तीपेक्षा?"

विश्रामने कपाळ दाबून धरले. पाणी? कुंभाराचे तेच. धान्य? तेच. ही मुलगी पाटलांच्या घरी जेवते. तेव्हा दोष पाटलांच्या अन्नात. पण कुंभाराचे धान्यही पाटलांचेच. म्हणजे धान्यात नाही. मग धान्य घरात आल्यानंतर आणि ताटात पडण्यापूर्वी... तो काठ्या घेऊन बसलेल्या माणसांकडे पाहत होता आणि विचार पुन्हा पुन्हा तुटत होता.

"त्यांच्याकडे पाहू नकोस," गुरू म्हणाले. "ते बसले आहेत म्हणूनच नीट विचार कर."

"शिजते कशात?" विश्राम एकदम म्हणाला. "गुरुजी, कुंभाराच्या घरी पितळेचे भांडे कुठून असणार? तो मडक्यात रांधतो. वस्तीतही सगळे मडक्यातच." मग त्याचा चेहरा पडला. "पण कल्हई नसलेल्या पितळेत आंबट कळकते, विषारी होते, हे तर पोरालाही ठाऊक असते. एकतीस घरच्या बायका कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट शिजवतील, असे कसे होईल?"

"ते त्या बायकांनाच विचारू," वैद्य म्हणाले आणि उठले.

पाटलांच्या स्वयंपाकघरात पाटलीणबाई चुलीशी होत्या. विश्राम त्या घरात दिवसातून दोनदा येत होता, पण माजघराच्या पुढे तो कधी गेला नव्हता. फळीवर पातेली आणि तपेली ओळीने लावली होती. आतून ती पांढरीशुभ्र चकाकत होती.

"कल्हई दिवाळीच्या आधीच केलीय," पाटलीणबाई काहीशा दुखावल्या. "एक भांडं सोडलं नाही. बघा, चांदीसारखं आहे."

"साऱ्या गावाने तेव्हाच करून घेतली?"

"हो. वेशीपाशी भट्टी लावली होती ना! ज्यांच्याकडं पितळ आहे त्या सगळ्यांनी."

वैद्यांनी एक पातेले मांडीवर घेतले. खांद्यावरचा धुतलेला पंचा बोटाला गुंडाळला आणि पातेल्याच्या तळाशी जोर देऊन घासला. पंच्यावर काळी रेघ उमटली. त्यांनी नखाने ओरखडा काढला. लेप मेणासारखा उठला. तो पंचा त्यांनी विश्रामच्या हातात दिला.

"कल्हईचे शुद्ध कथील असे काळे लागत नाही आणि इतके मऊ नसते. यात शिसे मिसळले आहे, तेही थोडेथोडके नाही. दिसायला उजळ, पण आंबटाशी गाठ पडली की अन्नात उतरते. रोज थोडे, रोज थोडे. त्या मुलीच्या हिरड्यांवरची निळी रेघ याचीच."

पाटलीणबाईंनी चुलीवरच्या आमटीकडे पाहिले. "म्हणजे मीच..." त्या म्हणाल्या. "पोरीला ताकद यावी म्हणून कढी करून घालत होते मी. रोज. ह्याच पातेल्यात."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. वैद्यांनी आपल्या हाताने ते पातेले चुलीवरून उतरवले.

पुढचा तासभर धावपळीचा होता. घराघरांतून पितळ बाहेर आले. ज्या भिवाने दार अर्धे उघडले होते, तो आता डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन गल्लीगल्लीतून फिरू लागला. मैनेला भिवाच्या बोळक्यातून धारोष्ण दूध पाजले. पाटील स्वतः ओढ्याकाठी गेले आणि काठ्यावाल्यांना घरी पाठवले.

विश्रामला वाटले, संपले. कारण सापडले. पण दिवस कलायच्या सुमारास चावडीवर पुन्हा गर्दी जमली, आणि त्या गर्दीचा आवाज त्याने ओळखला. कालचाच तो आवाज होता.

"कुठला होता तो कल्हईवाला?" "खालच्या बाजारात दिसतो म्हणे." "चला, धरून आणू. हात तोडू त्याचे!" तेली सर्वांत पुढे होता.

वैद्य चावडीच्या पायरीवर उभे राहिले. "त्याने लावले म्हणून विष गेले, हे खरे," ते म्हणाले. "त्याला निरोप धाडायलाच हवा, नाहीतर तो उद्या दुसऱ्या गावात भट्टी लावील. त्याने जाणून केले की त्याला कुणी तसले कथील विकले, तेही पाहा. पण मला एक सांगा. हा माणूस दरवर्षी येतो का?"

"न्हाई. औंदा पहिल्यांदा आला."

"मग दरवर्षी कोण येई?"

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. पाटलांनी मान खाली घातली.

बोलल्या त्या पाटलीणबाई. आयुष्यात प्रथमच त्या चावडीपर्यंत आल्या होत्या. "बाबालाल येत होता," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं. त्याच्या हातची कल्हई वर्षभर टिकायची. गेल्या साली देवीचा चांदीचा मुखवटा दिसेना झाला. त्या दिवशी परका माणूस गावात तोच. त्याला ह्या पिंपळाला बांधून मारला. त्याचा भाता फाडून टाकला. आठ दिवसांनी मुखवटा देवळातच सापडला, जुन्या वस्त्रांच्या गाठोड्यात."

"मग त्याला जाऊन कोणी सांगितले?" वैद्यांनी विचारले.

हैबतराव हळू म्हणाले, "जायला पाहिजे होतं. कुणी जायचं, ह्याच्यातच राहिलं."

वैद्यांनी काठी जमिनीवर टेकवली. त्यांचा आवाज चढला नाही.

"गेल्या वर्षापासून या गावाने हा तिसरा माणूस शोधला आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी बाबालाल, काल सुईण, आणि आता हा परका. प्रत्येक वेळी तुम्ही 'का' असे विचारायला निघालात आणि 'कोण' वर येऊन थांबलात. माणूस सापडला की मन निवते. ते निवणे खरे उत्तर सापडल्यासारखेच वाटते, म्हणून फसायला होते. मुले का आजारली? अन्नाने. अन्न का बिघडले? कल्हईने. ही कल्हई गावात का आली? चांगली कल्हई करणारा आला नाही म्हणून. तो का आला नाही? इथवर आल्यावर तुम्हाला पुढे जाणे जड वाटते, कारण इथे आपलाच हात दिसतो. पण दुरुस्ती करता येईल अशी जागा हीच आहे. विष तुम्ही घातले नाही. मात्र ते ज्या वाटेने आले, ती वाट या पिंपळाखाली मोकळी झाली होती."

तेली उभा होता. तो मटकन खाली बसला आणि प्रथमच, मूल गेल्यापासून प्रथमच, मोठ्याने रडला. त्याला कुणी उठवले नाही.

दुसऱ्या दिवशी हैबतराव आणि विश्राम बाबालालच्या गावी गेले. बाबालाल अंगणात कडबा तोडत होता. पाटलांना पाहून त्याने कोयता खाली ठेवला आणि दोन पावले मागे सरकला. त्या दोन पावलांनी पाटलांचे पाठ करून आणलेले शब्द गेले. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

"मुखवटा देवळातच होता, बाबालाल. आठ दिवसांत सापडला होता."

"कळलं होतं मला," बाबालाल म्हणाला. "बाजारात कुणीतरी बोललं. मी म्हटलं, पाटील येतील आता. एक महिना वाट बघितली. मग सोडून दिलं."

पाटलांनी सगळे सांगितले, मुलांचे, मैनेचे. बाबालाल ऐकत होता. "तेल्याचं पोर? भट्टीशी येऊन बसायचं, ते?" त्याने विचारले. पाटलांनी मान हलवली.

"येईन," शेवटी तो म्हणाला. "पण वेशीपाशी नाही बसणार. पिंपळाखालीच भट्टी लावीन. सगळ्यांच्या समोर. आणि आधीची कल्हई पार खरवडून काढावी लागेल, त्याला वेळ लागतो. घाई करायची नाही मला."

तो आला. पिंपळाखाली बारा दिवस भट्टी पेटलेली होती. दुखणे ओसरू लागले, पण हळूहळू. जसे चढले तसेच उतरत गेले. मैना वाचली. तिचा उजवा हात मात्र मनगटातून बराच काळ लोंबत राहिला.

वैद्य चार दिवसांनीच परत निघाले. विश्राम आपली झोळी घेऊन गाडीपाशी आला, तेव्हा ते म्हणाले, "तू इथेच राहा काही दिवस."

"पथ्य, औषध सगळे सांगून झाले आहे, गुरुजी."

"हो. तरी राहा."

विश्राम राहिला, आणि का राहिला ते त्याला कळेना. बाबालाल पिंपळाखाली शेवटची भांडी खरवडत होता, त्या सकाळी सोनाराच्या घरासमोर गडबड दिसली. सोनाराची सून अडली होती. पहिलटकरीण, पहाटेपासून कळा येत होत्या. शेजारच्या गावची सुईण आणायला गाडी धाडली होती, आणि ती अजून येत नव्हती.

"शेजारच्या गावची का?" विश्रामने विचारले. "तान्हूबाई आहे ना?"

सोनार नजर चुकवून म्हणाला, "तिनं काही केलं नाही, ते पटलंय हो. पण घरातल्या बायका धजत नाहीत. एकदा कानावर पडलेलं असतं ना."

एकदा कानावर पडलेले. विश्राम जागीच उभा राहिला. विषाची वाट त्याने तळापर्यंत शोधली होती. आणि चावडीवर त्याने स्वतः उच्चारलेले एक वाक्य अजून घराघरांतून फिरत होते, कुणी ते थांबवले नव्हते.

तो जवळजवळ धावतच ओढा ओलांडून गेला. तान्हूबाई कुंपणाच्या काट्या पुन्हा रोवत होती.

"तान्हूबाई, मी तुमचा अपराधी आहे," तो म्हणाला. "तुमच्यावर मी..."

"तुम्ही लबाड न्हाई बोलला, बुवा," ती हातातली काटी न सोडता म्हणाली. "जात हुते की मी समद्या घरांत. आजाऱ्याच्या जात हुते, बऱ्याच्याबी जात हुते. तुम्ही निम्मंच बोलला."

"उरलेले निम्मे आज बोलतो. माझ्याबरोबर चला. सोनाराची सून अडली आहे."

तिने हात झटकले. "कवापास्नं?" एवढेच विचारून ती त्याच्या पुढे चालू लागली.

सोनाराच्या दारात शेजारपाजार जमला होता. विश्रामने चावडीवर बोलला होता त्याच मोठ्या आवाजात सांगितले, "मी एकतीस आजारी घरे पाहिली आणि या बाईचे नाव घेतले. बरी घरे मी पाहिलीच नव्हती. तिथेही हीच जात होती, आणि तिथली मुले गुटगुटीत आहेत. चूक माझी होती. मी घाबरलो होतो, म्हणून घाईने बोललो."

आतून सुनेचे ओरडणे ऐकू आले. तान्हूबाई पायरीखाली उभी होती; बोलावल्याशिवाय ती पायरी चढणार नव्हती.

मग सोनाराची म्हातारी आई बाहेर आली. तिने एकवार विश्रामकडे पाहिले, एकवार तान्हूबाईकडे.

"आत ये, तान्हे," ती म्हणाली. "पाणी तापलंय."